वयोगटांच्या फुटबॉल सामन्यांची पंचगिरी: कोणते नियम, कधी आणि कसे तपासायचे

जुलै ते सप्टेंबर या काळात शालेय फुटबॉलचे सामने एकापाठोपाठ एक होतात आणि त्यांत पंच म्हणून उभे राहतात ते क्रीडाशिक्षक, माजी खेळाडू किंवा स्वतः खुल्या गटात खेळणारे तरुण. खेळ त्यांना चांगला कळतो. तरीही वाद होतात, कारण मोठ्यांच्या सामन्याचे किंवा मागच्या आठवड्यातील स्पर्धेचे नियम डोक्यात ठेवून ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात शिट्टी वाजवतात.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. आदल्या रविवारी मी सतरा वर्षांखालील मुलांचा सामना तीस-तीस मिनिटांचा खेळवला होता. पुढच्या आठवड्यात चौदा वर्षांखालील गटाचा सामना होता, त्याचे परिपत्रक पंचवीस मिनिटांच्या अर्धाचे होते आणि मी ते उघडूनही पाहिले नव्हते. अठ्ठाविसाव्या मिनिटाला गोल झाला, मी तो दिला आणि खेळ पुन्हा सुरू केला. मध्यंतरात दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेले परिपत्रक काढून शांतपणे माझ्या हातात ठेवले. खेळ पुन्हा सुरू झाल्यामुळे गोल मागे घेता येत नव्हता. दोन्ही प्रशिक्षकांशी बोलून मी उत्तरार्धही तितकाच खेळवला आणि सगळा प्रकार अहवालात लिहिला. पण त्यांच्या गोलरक्षकाने विचारलेला प्रश्न, "सर, मग तो गोल धरणार का?", मला अजून आठवतो. पुढील क्रम मी त्या दिवसानंतर पाळू लागलो. त्यातील पहिल्या तीन पायऱ्या मैदानावर जाण्याआधीच्या आहेत आणि त्याच सर्वाधिक गाळल्या जातात.

पायरी १: स्पर्धा कोणाची आणि वयोगट कोणता, हे कागदावर पाहा

"अंडर फोर्टीनची मॅच आहे, या" एवढ्या निरोपावर सामना स्वीकारू नये. भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या पद्धतीने होणाऱ्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या युवा लीगचे वयोगट यापेक्षा वेगळे असू शकतात. सुब्रतो करंडक या शालेय संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांचे गट आता १५ आणि १७ वर्षांखालील आहेत. त्यामुळे एकाच शाळेचा एकच मुलगा एका महिन्यात तीन वेगवेगळ्या गटांत खेळू शकतो, आणि प्रत्येक गटाचा कालावधी, बदली खेळाडूंची संख्या व बरोबरीचा निकाल लावण्याची पद्धत वेगळी असू शकते.

परिपत्रकात वय मोजण्याची तारीखही पाहावी. समजा, २०२६ मधील स्पर्धा १४ वर्षांखालील आहे आणि मुलाचा जन्म १५ जून २०१२ चा आहे. वय १ जानेवारी २०२६ रोजी मोजायचे असेल तर तो तेरा वर्षांचा आहे आणि खेळू शकतो. तेच वय ३१ डिसेंबर २०२६ रोजी मोजायचे असेल तर त्याने चौदा वर्षे पूर्ण केलेली असतात आणि तो बाद होतो. नाव, गट आणि वर्ष तेच असूनही एका तारखेने उत्तर उलटे होते. म्हणून "आमच्याकडे नेहमी असेच धरतात" हे उत्तर मान्य करू नये आणि आयोजकांकडून परिपत्रकाची प्रत मागून घ्यावी. मोबाइलवर आलेला फोटो चालेल, मात्र पूर्ण पान वाचता आले पाहिजे.

इशारा: वयाची तारीख पंचाला माहीत असावी, पण वयाचा निवाडा पंचाने करू नये. तो अधिकार स्पर्धा समितीचा आहे. याबद्दल पाचव्या पायरीत अधिक येईल.

पायरी २: मूळ नियम आणि स्पर्धेचे बदल वेगवेगळे लिहून काढा

जगभरातील फुटबॉलचे मूळ नियम आयएफएबी हे मंडळ ठरवते आणि त्यांची नवी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी १ जुलैपासून लागू होते. आपला शालेय हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे जूनअखेर नवी आवृत्ती वाचणे हे पंचाचे दरवर्षीचे काम समजावे. युवा गटांसाठी या नियमांत काय बदलता येते, हेही मंडळाने सांगितले आहे: मैदानाचे आकारमान, चेंडूचा आकार, वजन व साहित्य, गोलखांबांमधील अंतर व आडव्या दांडीची उंची, खेळाचा कालावधी, बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येण्याची मुभा, तात्पुरती हकालपट्टी (खेळाडूला काही मिनिटे बाहेर बसवणे) आणि हेडिंगवरील, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यावरील, मर्यादा. हे बदल राष्ट्रीय संघटनेच्या चौकटीत राहून स्पर्धेने करायचे असतात. मैदानावर दोन प्रशिक्षकांनी आपसांत ठरवायची ती गोष्ट नाही.

पाच-पाच किंवा सात-सात खेळाडूंच्या छोट्या सामन्यांत आयोजक ऑफसाइड, थ्रो-इन आणि गोल किक यांचेही स्वतःचे नियम करतात. तिथे गृहीत काहीच धरू नये. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत. उत्तर परिपत्रकात नसेल तर त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह करावे आणि आदल्या दिवशी आयोजकांना फोन करून ते मिटवावे.

१. मैदानावर किती खेळाडू हवेत आणि किमान किती असल्यास सामना सुरू करायचा? अकरांच्या सामन्यात संघाकडे सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही, चालूही ठेवता येत नाही. सातांच्या सामन्यातील किमान आकडा आयोजकांनाच विचारावा.
२. एक अर्ध किती मिनिटांचा, मध्यंतर किती आणि जादा वेळ आहे का?
३. चेंडू कितव्या क्रमांकाचा? बहुतेक ठिकाणी अगदी लहानांना ३, मधल्या गटांना ४ आणि मोठ्यांना ५ क्रमांकाचा चेंडू देतात, पण कोणत्या वयाला कोणता हे स्पर्धेगणिक बदलते.
४. बदली खेळाडू किती, आणि बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकतो का?
५. ऑफसाइड आहे का, आणि असल्यास मध्यरेषेपासून की वेगळ्या रेषेपासून?
६. पेनल्टी किती मीटरवरून, आणि फ्री किकच्या वेळी भिंत किती अंतरावर?
७. हेडिंगला परवानगी आहे का? अमेरिकेत दहा वर्षांच्या व त्यांहून लहान मुलांना हेडिंग करता येत नाही. इंग्लंडमध्ये अकरा वर्षांखालील गटांपर्यंत ही बंदी २०२४-२५ च्या हंगामापासून टप्प्याटप्प्याने आणली गेली. आपल्याकडेही एखादी अकादमी अशी अट घालत असेल, तर हेडर झाल्यावर खेळ कसा सुरू करायचा हे आधीच विचारून ठेवावे.
८. तात्पुरती हकालपट्टी आहे का? आयएफएबीच्या मार्गदर्शनानुसार तिचा अवधी एकूण खेळाच्या १० ते १५ टक्के असतो, म्हणजे पन्नास मिनिटांच्या सामन्यात पाच ते साडेसात मिनिटे.
९. बरोबरी झाल्यास काय?

तपासणी: या नऊ ओळींपैकी एकीपुढेही प्रश्नचिन्ह उरले असेल, तर सामन्याची तयारी पूर्ण झालेली नाही.

बदललेल्या मूळ नियमांपैकी दोन नियम आजही चुकीचे लावलेले दिसतात. गोल किक घेताना चेंडू पेनल्टी एरियाबाहेर जाणे २०१९ पासून आवश्यक नाही. किक बसून चेंडू स्पष्ट हलला की तो खेळात आला आणि त्याच संघाचा दुसरा खेळाडू पेनल्टी एरियातच तो घेऊ शकतो. दुसरा नियम गोलरक्षकाचा. हातात चेंडू ठेवण्याची मर्यादा जुलै २०२५ पासून आठ सेकंद आहे आणि ती ओलांडल्यास प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे असतात. जुनी सहा सेकंदांची मर्यादा आणि अप्रत्यक्ष फ्री किक अजूनही बऱ्याच शिक्षकांच्या तोंडी आहे.

पायरी ३: आदल्या दिवशीचा निरोप

दोन्ही शाळांना आदल्या दिवशी एक निरोप पाठवावा किंवा आयोजकांमार्फत द्यावा: शिनगार्ड (नडगीवर बांधायचे संरक्षक) सक्तीचे आहेत, अंगावर कोणताही दागिना चालणार नाही, दोन्ही संघांचे रंग वेगळे हवेत आणि ओळखपत्रे सोबत आणावीत. हा निरोप गेला नाही, तर सामन्याच्या दहा मिनिटे आधी एखाद्या मुलीच्या कानातली घट्ट बसलेली रिंग काढण्यात वेळ जातो आणि रडारड होते.

स्वतःच्या पिशवीत दोन शिट्ट्या, दोन घड्याळे, कार्डे, वही, पेन्सिल, नाणे, हवेचा पंप, दाब मोजण्याचे साधन आणि मोजपट्टी असावी. पावसात बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही, म्हणून पेन्सिल.

पायरी ४: मैदान, आणि सर्वांत आधी गोलखांब

सामन्याच्या किमान पाऊण तास आधी मैदानावर पोहोचावे आणि रेषांच्या आधी गोलखांब तपासावेत. हलवता येणारे गोल जमिनीत पक्के रोवलेले किंवा मागून पुरेशा वजनाने दाबलेले असलेच पाहिजेत, हे मूळ नियमातच आहे. तपासण्याची पद्धत सोपी आहे. दोन्ही हातांनी आडवी दांडी धरून ती पुढे ओढावी आणि मग खांब बाजूला ढकलून पाहावा. एका मैदानावर मी अशी दांडी ओढली तेव्हा मागच्या बाजूला वजन म्हणून ठेवलेल्या वाळूच्या दोन पोत्यांपैकी एक फाटलेले निघाले. वाळू पावसाने वाहून गेली होती आणि जाळीमागे फक्त रिकामे पोते पडले होते. लांबून पाहताना गोल पूर्ण भक्कम वाटत होता. अंगावर पडलेला गोल मुलाचा जीव घेऊ शकतो, म्हणून गोल पक्का होईपर्यंत सराव शॉटसुद्धा मारू देऊ नयेत आणि दांडीला लोंबकळणाऱ्या मुलांना लगेच खाली उतरवावे.

त्यानंतर मैदान पायी फिरून पाहावे. दगड, काचा, उघडे खिळे, पाण्याची डबकी आणि रेषेला खेटून उभ्या केलेल्या दुचाक्या हटवायला सांगावे. फक्कीच्या रेषा पावसाने पुसल्या असतील तर पेनल्टी एरियाची रेषा सर्वांत आधी पुन्हा मारून घ्यावी, कारण पुसट रेषेवर सर्वांत महागडा निर्णय तिथेच द्यावा लागतो. अकरांच्या सामन्यात पेनल्टीचा बिंदू गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. मोजपट्टी नसलेल्या मैदानावर तो पावले टाकून मारलेला असतो आणि बहुधा चुकलेला असतो, तेव्हा तो स्वतः मोजावा.

चेंडूचा क्रमांक दुसऱ्या पायरीतील कागदाशी ताडून पाहावा. ५ क्रमांकाच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. जुना, पाणी प्यालेला चेंडू याहून बराच जड होतो. तसा चेंडू लहान मुलांच्या सामन्यात घेऊ नये, विशेषतः हेडिंगला परवानगी असेल तेव्हा.

इशारा: विजेचा कडकडाट ऐकू आला की सामना थांबवून सर्वांना पक्क्या इमारतीत न्यावे आणि शेवटच्या कडकडाटानंतर तीस मिनिटे वाट पाहावी. झाडाखाली किंवा पत्र्याच्या मंडपात मुलांना थांबवू नये.

पायरी ५: खेळाडूंची ओळख आणि अंगावरचे साहित्य

संघाची यादी हातात घेऊन प्रत्येक मुलाला जर्सीच्या क्रमांकाने पुढे बोलवावे आणि ओळखपत्रावरील चेहरा व नाव ताडावे. हे काम बाकावर बसून करू नये. मुलासमोर उभे राहून केले की शिनगार्ड, बुटांचे स्टड आणि दागिने त्याच फेरीत पाहून होतात.

दागिन्यांबाबत नियम स्पष्ट आहे: अंगठी, साखळी, कानातले, रबरी किंवा चामडी पट्टे यांपैकी काहीही चालत नाही आणि त्यावर चिकटपट्टी लावून झाकणेही चालत नाही. आपल्याकडे हा प्रश्न जास्त नाजूक आहे. रक्षाबंधनानंतरच्या आठवड्यात मुले मणी आणि तारा असलेल्या राख्या बांधून येतात आणि वारकरी घरातल्या मुलाच्या गळ्यात तुळशीची माळ असते. मी अशा वेळी मुलाला सर्वांसमोर "काढ ते" असे म्हणत नाही. त्याला बाजूला घेतो, ती वस्तू कोणाच्या डोळ्यात किंवा जाळीत अडकू शकते हे सांगतो आणि त्याच्याच हाताने ती काढून त्याच्या शिक्षकांकडे द्यायला लावतो. माळेबद्दल घरच्यांशी आदल्या दिवशी बोलणे झालेले असेल, तर मैदानावर कोणाच्या भावना दुखावण्याची वेळच येत नाही. खेळासाठी बनवलेला, न फुटणारा चष्मा चालतो. घरचा काचेचा चष्मा धोकादायक ठरतो. डोके झाकायचे असेल तर कापड काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे आणि ते जर्सीला जोडलेले नसावे.

वयाची तक्रार आली तर पंचाने काय करायचे, हा सर्वाधिक चुकणारा भाग आहे. समोरचा मुलगा उंच आहे, त्याला मिसरूड फुटले आहे, म्हणून त्याला बसवा, असे एखादा प्रशिक्षक म्हणतो आणि काही पंच खरोखर बसवतात. तसे कधीही करू नये. या वयात एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. नाव यादीत आहे आणि ओळखपत्र जुळते, तर तो खेळेल. तक्रार असल्यास ती लेखी घ्यावी, वेळ नोंदवावी आणि स्पर्धा समितीकडे द्यावी. जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा काही स्पर्धांत होणारी हाडांच्या वयाची चाचणी, हे सर्व समितीने पाहायचे आहे.

पायरी ६: दोन्ही प्रशिक्षकांसोबत पाच मिनिटे

नाणेफेकीच्या आधी दोन्ही प्रशिक्षक आणि कर्णधारांना एकत्र बोलवावे आणि दुसऱ्या पायरीतील कागद मोठ्याने वाचावा. एकेका प्रशिक्षकाला वेगळे सांगू नये, कारण नंतर "मला असे सांगितले नव्हते" हे वाक्य हमखास येते. बदली खेळाडूंची पद्धत इथे नीट सांगावी: खेळ थांबल्यावर, पंचाच्या परवानगीने, मध्यरेषेपाशी आणि आधीचा खेळाडू बाहेर गेल्यावरच नवा आत येईल. पालक कुठे उभे राहतील हेही इथेच ठरवावे आणि त्यांची जबाबदारी प्रशिक्षकांवर किंवा आयोजकांवर सोपवावी.

तपासणी: दोन्ही प्रशिक्षकांना "अर्ध किती मिनिटांचा?" असे विचारावे. दोघांचे उत्तर एकच आले की शिट्टी वाजवायला हरकत नाही.

पायरी ७: सामना चालू असताना

वय जितके लहान, तितके चेंडूच्या जवळ राहावे. मुले घोळक्याने खेळतात आणि लांबून दिसणारी धडपड जवळून पाहिली तर बहुतेकदा फाऊल नसते. शिट्टी स्पष्ट आणि एकदाच वाजवावी, हाताने दिशा दाखवावी आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना कारण एका वाक्यात सांगावे: "पाय रेषेच्या आत आला, थ्रो समोरच्या संघाला." चुकीचा थ्रो पुन्हा घ्यायला देणे हा पंचाचा दयाळूपणा आहे, असे अनेकांना वाटते. स्पर्धेच्या नियमात ती सवलत असेल तर जरूर द्यावी, नसेल तर दोन्ही संघांना सारखाच नियम लावावा. एकाला दिलेली सवलत दुसऱ्या संघातल्या मुलांच्या लगेच लक्षात येते.

पालकांच्या बाजूने "हँड, हँड" असा ओरडा सतत येतो. चेंडू हाताला लागला म्हणजे गुन्हा झाला, असे नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला का, किंवा शरीर अनैसर्गिकरीत्या मोठे केले का, हे पाहावे. लहान मुले घाबरून चेहऱ्यासमोर हात आणतात. अशा वेळी हात आणि चेहरा यांच्यात किती अंतर आहे यावर मी निर्णय देतो. मात्र स्वतःच्या हाताला लागून चेंडू थेट गोलमध्ये गेला, तर अजाणतेपणी लागलेला असला तरी गोल देता येत नाही.

बदली खेळाडूंच्या गडबडीत एखादा संघ बारा जणांनी खेळत राहतो. त्या संघाने गोल केला आणि खेळ पुन्हा सुरू होण्याआधी हे लक्षात आले, तर गोल रद्द करून जादा खेळाडू जिथे होता तिथून प्रतिस्पर्ध्यांना थेट फ्री किक द्यावी. खेळ पुन्हा सुरू झाला की गोल कायम राहतो. म्हणून प्रत्येक गोलनंतर, मध्यरेषेवर चेंडू ठेवण्याआधी, दोन्ही संघ मोजण्याची सवय लावून घ्यावी. दहा सेकंदही लागत नाहीत.

डोक्याला मार लागला तर चेंडू बाहेर जाण्याची वाट न पाहता खेळ तत्काळ थांबवावा. मुलगा गोंधळलेला दिसला, तोल गेला, उलटी झाली, डोके दुखते म्हणाला किंवा स्कोअर विचारल्यावर त्याला आठवला नाही, तर त्याला बाहेर काढावे आणि त्या दिवशी परत येऊ देऊ नये. "ठीक आहे सर, खेळतो तो" असे प्रशिक्षक म्हणाले, मुलाने स्वतः हट्ट धरला, उपांत्य फेरी असली, तरीही हा निर्णय बदलू नये. मेंदूला लागलेला मार मैदानावर डोळ्यांनी दिसत नाही आणि त्याच दिवशी दुसरा मार बसला तर परिणाम फार गंभीर होऊ शकतात.

उन्हाळी शिबिरांच्या स्पर्धांत पाण्याची विश्रांती द्यावी. नियमानुसार पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत, आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटे थांबता येते. हा वेळ नंतर भरून द्यावा.

शिवीगाळ प्रशिक्षकाने केली तर कार्डही प्रशिक्षकालाच दाखवता येते. संघाच्या बाकावरून नेमके कोण बोलले ते कळले नाही, तर तांत्रिक क्षेत्रात (बाकाभोवतीच्या, संघासाठी ठरलेल्या जागेत) उपस्थित असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळते.

पायरी ८: बरोबरी झाल्यास

दुसऱ्या पायरीतील कागदाची नववी ओळ पुन्हा वाचावी. टायब्रेकर, म्हणजे पेनल्टीच्या बिंदूवरून किक मारून निकाल लावणे, असेल तर शेवटच्या शिट्टीच्या वेळी मैदानावर असलेले खेळाडूच किक घेऊ शकतात. औषधोपचारासाठी तात्पुरता बाहेर गेलेला खेळाडू त्यांत धरला जातो. सामन्यात परत येण्याची मुभा असली, तरी टायब्रेकरसाठी चांगला नेमबाज बाकावरून आणता येत नाही, आणि हे प्रशिक्षकांना शेवटच्या मिनिटांच्या आधीच आठवण करून द्यावे. एका संघाचे खेळाडू जास्त असतील तर दुसऱ्या संघाइतके करून घ्यावेत. किक घेताना गोलरक्षकाच्या एका पायाचा काही भाग तरी रेषेवर किंवा रेषेच्या समपातळीत असावा. वहीत प्रत्येक किक क्रमांकासह लिहावी, कारण पाचव्या फेरीनंतर स्मरणावर विसंबले की वाद होतोच.

पायरी ९: अहवाल, मैदान सोडण्याआधी

गोलांची मिनिटे, कार्डे, बदल, दुखापती आणि आलेल्या लेखी तक्रारी यांची नोंद मैदानावरच पूर्ण करावी व दोन्ही प्रशिक्षकांकडून गोलसंख्येवर सही घ्यावी. आपली चूक झाली असेल तर ती जशी घडली तशी, वेळेसह लिहावी. डोक्याला मार लागलेल्या मुलाचे नाव आणि क्रमांक अहवालात वेगळ्या ओळीवर लिहावा, आणि त्याचे पालक मैदानावर नसतील तर त्याला डॉक्टरांकडे नेण्याची जबाबदारी कोणत्या शिक्षकांनी घेतली, तेही त्याच ओळीत लिहून घ्यावे.